नऊपैकी नऊ

६ मार्च १९९४, रविवार, संध्याकाळ. रक्कम चोवीस हजार रुपये. आठ घरांचे प्रत्येकी तीन हजार. हजर: प्रत्येक घरातलं किमान एक माणूस, आमच्याकडून मी आणि बायको दोघंही. जागा: बदलापूरला, आमच्या इमारतीतल्या जिन्याखालचा मोकळा भाग. विषय एकच होता, बोअर मारायची की नाही.

इमारत नवी होती. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर दोन घरं. आम्ही तिसऱ्यावर. गच्चीवर बिल्डरने टाकी बांधून दिली होती, घराघरात नळ होते, नळांना चकचकीत तोट्या होत्या. फक्त पाणी नव्हतं. बारवी धरणाचं पाणी नेणारे मोठे पाइप थोड्या अंतरावरून जात, त्यांना कान लावला तर आत खळखळ ऐकू यायची. आमच्या इमारतीला जोडणी मिळायची होती. ‘मिळायची आहे’ असं आम्ही तीन वर्षं म्हणत होतो. तोवर दिवसाआड टँकर यायचा. तो अंगणातल्या पिंपांत पाणी सोडून जायचा आणि मग ज्याने त्याने आपलं पाणी वर न्यायचं. टँकर यायचा अकराच्या सुमाराला, पुरुष कामावर गेल्यावर. म्हणजे पाणी बायकांनीच चढवायचं.

त्या जानेवारीत बायकोची कंबर धरली. मणक्यात दोष निघाला. डॉक्टर म्हणाले, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. भरलेली बादली पंधरा किलोची असते हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग एक तृतीयांश बादली आणत जाऊ का? तुम्ही खूण करून द्या.” पाणी भरायला एक बाई लावली, पण तीन मजले तिच्याही कंबरेला होतेच, पंधरवड्यात तिने सोडलं.

बायकोचा भाऊ उल्हासनगरला राहायचा. त्याच्याकडे एक खोली रिकामी होती, नळाला रोज पाणी होतं. तो म्हणाला, “ताई, जूनमध्ये तुझ्या पोरीची शाळा सुरू होईल. त्याच्या आत काय ते सांग. मला खोली अडकवून ठेवता येत नाही.” म्हणजे हिशेब असा होता: जूनच्या आत आमच्या नळाला पाणी आलं तर आम्ही राहणार. नाही आलं तर अकरा वर्षांचे हप्ते बाकी असलेलं आमचं घर भाड्याने देऊन मेहुण्याच्या खोलीत जाणार. बायकोने भावाला हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

मी तेव्हा अंबरनाथला नट-बोल्टच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो. पेटीत हजारो बोल्ट असत. ते सगळे तपासणं शक्य नसे. ठरावीक नग उचलायचे, गेज लावायचा, त्यात किती खराब निघाले ते पाहून अख्खी पेटी पास किंवा नापास करायची. पंधरा वर्षं मी हेच करत होतो. त्यामुळे बोअरचा विषय निघाला तेव्हा सेक्रेटरींनी मलाच सांगितलं, “तुम्ही आकड्यातली माणसं. जरा चौकशी करा.” सेक्रेटरी म्हणजे आमच्या समोरच्या दारातले गृहस्थ, बँकेत कारकून, उत्साही माणूस.

मी चौकशी केली. दोन शुक्रवार, म्हणजे माझ्या सुट्टीचे दिवस, आसपासच्या गल्ल्या फिरलो. जिथे पंप दिसला तिथे विचारलं. बोअर किती फूट, पाणी कितीवर लागलं, उन्हाळ्यात टिकतं का. नऊ बोअर सापडल्या. नऊच्या नऊंना पाणी होतं. आठ ठिकाणी एकशेसाठ फुटांच्या आत लागलं होतं, एका ठिकाणी दोनशे दहावर. हे मी त्या रविवारी सभेत वाचून दाखवलं.

“नऊपैकी नऊ!” सेक्रेटरी म्हणाले. “म्हणजे शंभर टक्के झाले की.”

“तसं म्हणता येत नाही,” मी म्हणालो. “नगच नऊ तपासलेत. मी ऐंशी टक्के धरेन.”

तळमजल्यावर एक सिंधी शेठ राहायचे. उल्हासनगरात त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान होतं. मराठी चांगली बोलायचे, पण रंगात आले की हिंदीवर जायचे. ते खुर्चीत पुढे सरकले.

“साहेब, भोक किती मारायचे?”

“एक.”

“एकच ना? त्यात ऐंशी टक्के पाणी म्हणजे काय येणार? घुटने तक?”

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या रात्री अंथरुणावर तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. कारखान्यात ‘शंभरात दोन खराब’ म्हटलं की त्याला अर्थ असतो. पेट्या रोज येतात, उद्याही येतील. आजची पेटी चुकीची पास झाली तरी वर्षाच्या हिशेबात सगळं जागेवर बसतं. इथे भोक एक. त्यात पाणी असेल तर आत्ताही आहे आणि नसेल तर आत्ताही नाही. जमिनीला टक्केवारी ठाऊक नाही. मग माझे ऐंशी टक्के कुठे राहतात? जमिनीत की माझ्या डोक्यात? आणि डोक्यातच असतील तर त्यांच्यावर आठ घरांनी चोवीस हजार का लावावेत?

“झोपा आता,” बायको म्हणाली. “तुमच्या कुशी बदलण्याने पलंग हलतो, मला कळ येते.”

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरींनी पाणाड्या आणला. जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगणारा माणूस. वांगणीकडचा, पन्नाशीचा, स्वच्छ पांढरा सदरा. त्याने तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि अंगणात सावकाश फिरायला लागला. मागच्या कुंपणाजवळ नारळ उभा राहिला. मी अगदी जवळून पाहिलं, मला युक्ती दिसली नाही. युक्ती नव्हती असं मी म्हणत नाही, मला दिसली नाही एवढंच.

“इथं,” तो म्हणाला. “एकशेवीस फुटांवर.”

“तुमचं काय द्यायचं?” सेक्रेटरींनी विचारलं.

“पाणी लागलं तर पाचशे एक. नाही लागलं तर हा नारळबी परत न्या.”

मला राहवलं नाही. “आजवर किती जागा दाखवल्यात?”

“मोजल्या नाय साहेब.”

“त्यातल्या किती लागल्या?”

“सगळ्या.”

“सगळ्या? एकही कोरडी नाही?”

“जिथं लागलं नाय तिथं लोक थांबले. पाणी व्हतंच, खाली.”

मी बायकोकडे पाहिलं. हिला हसू येईल असं मला वाटलं होतं. ती त्या कुंपणाजवळच्या जागेकडे पाहत होती. घरी आल्यावर मी तिला समजावलं: जिथे बहुतेक ठिकाणी पाणी लागतंच, तिथे कुठेही बोट ठेवणारा माणूस बहुतेक वेळा बरोबर ठरतो. शिवाय लागलं तर पाचशे एक, नाही तर शून्य. त्याचं जातं काय? ती म्हणाली, “कळलं. पण माझंही काय जातंय? एक महिना ‘आता थोडेच दिवस’ म्हणत जिना चढेन.” तिचा औषधाचा डोस तोच होता, दुखणं तेच होतं. तरी त्या रात्री ती शांत झोपली. जागा मी होतो.

त्या महिन्यात मला एक सवय लागली. कोण काय म्हणतो यापेक्षा कोण काय करतो ते मी पाहायला लागलो. सेक्रेटरी भेटेल त्याला सांगत होते, पाणी लागणार म्हणजे लागणार; आणि त्याच आठवड्यात त्यांच्याकडे एक नवीन दोनशे लिटरचं पिंप आलं. शेठ सभेत ‘भगवान जाने’ म्हणाले होते, पण त्यांनी पंपाचे दर तीन दुकानांतून आणले. बायको ‘थोडेच दिवस’ म्हणत होती, तरी मेहुण्याला नकार कळवत नव्हती. माणसाचा विश्वास किती आहे ते त्याच्या बोलण्यात नसतं, तो त्यावर काय सोडून द्यायला तयार आहे त्यात असतं. मी स्वतः ऐंशी टक्के म्हणत होतो. आणि दर शुक्रवारी उल्हासनगरला जाऊन मुलीसाठी शाळा पाहून येत होतो.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सकाळी बोअरची गाडी आली. दर फुटाला पंचावन्न रुपये, वरच्या वीस फुटांना लोखंडी पाइप घालायचे दोन हजार वेगळे. एक रॉड वीस फुटांचा. म्हणजे एक रॉड आत गेला की अकराशे रुपये आत गेले. माझा अंदाज एकशेसाठ फुटांचा होता. त्यात पाणी लागलं तर उरलेल्या पैशात पाण्यात सोडायचा पंप बसणार होता.

कंप्रेसर सुरू झाला आणि बोलणं बंद झालं. पांढरी भुकटी उडून कुंपण, जिना, माणसं सगळं एका रंगाचं झालं. शंभर फुटांना बायका हळदकुंकवाचं ताट घेऊन खाली आल्या. एकशेवीसला सगळे भोकाकडे वाकून उभे राहिले. भुकटी कोरडीच येत होती. एकशेचाळीस. एकशेसाठ. ताट कोणीतरी पायरीवर ठेवलं, त्यावर भुकटी बसली.

बोअरवाला प्रत्येक रॉडला आशा देत होता. काळा दगड लागला तेव्हा म्हणाला, “काला पत्थर है, इसके नीचेही पानी रहता है.” रंग बदलून तांबूस झाला तेव्हा म्हणाला, “अब्बी मुरूम लगा. आयेगा.” पुन्हा काळा लागला. “देखा, फिर काला आया.” मी त्याला विचारलं, “कुठला रंग आला की पाणी नाही असं समजायचं?” त्याने कंप्रेसरकडे बोट दाखवलं, ऐकू येत नाही म्हणून. आवाज होताच. पण त्याला फुटामागे पंचावन्न मिळत होते हेही होतं.

एकशेऐंशीला गाडीवरची माणसं जेवायला बसली. मला उभं राहवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं. सावलीसाठी मी मागच्या इमारतीच्या अंगणात गेलो. तिथे कपडे वाळत होते. दोरीचं एक टोक भिंतीतल्या खिळ्याला आणि दुसरं जमिनीतून वर आलेल्या जाड लोखंडी पाइपला बांधलेलं होतं. त्या पाइपच्या तोंडात सिमेंट भरलं होतं. महिन्यापूर्वी मी याच अंगणात आलो होतो. पंप दिसला नाही म्हणून परत फिरलो होतो. त्या पाइपला माझा खांदाही घासला होता.

तो बोअरच्या वरच्या भागात घालतात तो सहा इंची केसिंग पाइप होता. आमच्या अंगणात सकाळी उतरवला तसाच.

मी जिथे पंप दिसला तिथेच विचारलं होतं. कोरड्या बोअरवर पंप कोण बसवेल? पेटीतून नग उचलताना मी फक्त चांगले उचलले होते आणि पेटी पास केली होती. शिकाऊ पोराने असं केलं असतं तर मी त्याला गेज खाली ठेवायला लावला असता. माझे ‘नऊपैकी नऊ’ आणि पाणाड्याचं ‘सगळ्या’ यांत काही फरक नव्हता. तोही लागलेल्याच मोजत होता.

मी भर दुपारी पुन्हा गल्ल्या फिरलो. या वेळी प्रश्न बदलला: “कोरडी गेलेली बोअर आहे का कुठे?” लोक लगेच सांगायचे, जणू कोणी विचारायचीच वाट पाहत होते. एकीवर दगड ठेवला होता. एकीवर तुळशीचं वृंदावन बसवलं होतं, रोज दिवा लागत होता. अशा पाच निघाल्या. म्हणजे नऊपैकी नऊ नव्हे, चौदांपैकी नऊ. आणि खरं तर तोही प्रश्न आता जुना झाला होता. आमची बोअर आता कुठलीही बोअर राहिली नव्हती, एकशेऐंशी फूट कोरडी गेलेली बोअर होती. तशा किती? एकशेऐंशीपर्यंत कोरड्या राहून पुढे नेलेल्या तीनच. एकीला दोनशे दहावर पाणी लागलं. दोन अडीचशेपर्यंत नेल्या, कोरड्याच.

तिनात एक. तीन नगांवर मी कधी पेटीही पास केली नव्हती.

मी परत येईपर्यंत आणखी दोन रॉड गेले होते. दोनशे वीस. मी हात वर करून कंप्रेसर थांबवायला लावला. अचानक शांत झालं तेव्हा सगळे माझ्याकडे पाहायला लागले, मला पाणी सापडल्यासारखे.

“माझा आकडा चुकला होता,” मी म्हणालो, आणि पाइपचं, वृंदावनाचं सगळं सांगितलं.

सेक्रेटरींचा चेहरा भुकटीने पांढराच होता, तो आणखी उतरला. “अहो, पण आता दोनशे वीस झालेत! एवढे बारा हजार मातीत घालून थांबायचं? एक रॉड अजून टाकू. एकच.”

“एकशेसाठलाही आपण एकच म्हणालो होतो.”

“नाल्याकडच्या सगळ्या बोअरना पाणी आहे. आपण नाल्याच्या जवळ आहोत.”

“नाल्याकडे चार आहेत. टेकडीकडच्या धरल्या तर निम्म्या कोरड्या. आपण दोन्हींच्या मधे आहोत. कुठल्या धरायच्या?”

हे मी त्यांना गप्प करायला म्हणालो नव्हतो, मला खरोखर कळत नव्हतं. नाल्याजवळच्या म्हणून आमची गणना केली तर एक आकडा येत होता, टेकडीकडच्या म्हणून केली तर दुसरा, या बोअरवाल्याच्या म्हणून केली तर तिसरा. भोक तेच. ते कुठल्या गटात धरायचं ते भोकावर लिहिलेलं नव्हतं.

“पाणाड्या बरोबर असेल तर?” दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या.

“वहिनी, त्याने एकशेवीस सांगितलं होतं.”

“थोडं चुकलं असेल.”

शेठ आतापर्यंत पायरीवर बसून होते. ते म्हणाले, “बारा हजार गये, उनको जाने दो. मेलेला माल दुकानात ठेवून नवा माल घ्यायचा पैसा अडकवायचा नाही. साहेब, हातात किती आहेत?”

“नऊ हजार नऊशे.”

“इतने में टंकी बनती है. जमीन के नीचे. माझ्या गोदामात बांधली मागच्या वर्षी, साडेसात लागले. वरून छोटा पंप, सवा दो हजार. टँकरवाला खालच्या टाकीत सोडेल, पंप गच्चीवर चढवेल.”

ही गोष्ट कोणाला सुचली नव्हती असं नाही. पण जमिनीखाली टाकी बांधणं म्हणजे आता कायम टँकरच, हे मान्य करणं होतं. तीन वर्षं कोणालाच ते मान्य करायचं नव्हतं.

“म्हणजे जन्मभर टँकरचे पैसे?” सेक्रेटरी म्हणाले. “आणि पाणी अजून वीसच फुटांवर असेल तर?”

“असेलही,” मी म्हणालो. “पण अजून एक रॉड टाकला तर टाकी आणि तिचा पंप होत नाही. पाणी लागलं तरी पंपाला पैसे नाहीत, नवी वर्गणी काढावी लागेल.”

बोअरवाला घड्याळ पाहत होता. तेव्हा बायको बोलली. ती खुर्ची घेऊन जिन्याजवळ बसली होती, कारण उभं राहणं तिला जमत नव्हतं.

“तुम्ही सगळे पाण्याचं बोलताय,” ती म्हणाली. “मला जमिनीतलं पाणी नको होतं. मला पाणी घेऊन जिना चढायचा नाही, एवढंच हवंय. ते टाकीने होतं का?”

“होतं,” मी म्हणालो.

“नक्की? का ऐंशी टक्के?”

कोणीतरी हसलं. “नक्की,” मी म्हणालो. तेवढ्या एका प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी टक्क्यांशिवाय देता आलं.

हात वर करून मतं घेतली. सहा विरुद्ध दोन. बोअरवाल्याने दोनशे वीस फुटांचे बारा हजार शंभर आणि पाइपचे दोन हजार घेतले, भोकावर एक फरशी ठेवली आणि गाडी नेली.

मेअखेर टाकी झाली. पहिल्या दिवशी गच्चीवरून नळाला आलेलं पाणी सिमेंटच्या रंगाचं होतं. बायकोने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. “आवाज ऐका,” एवढंच म्हणाली. दोन दिवसांनी ती उल्हासनगरला जाऊन भावाला सांगून आली, खोली दुसऱ्याला दे. मुलीचं नाव बदलापूरच्याच शाळेत राहिलं.

हे इथे संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं.

पुढच्या वर्षी, त्याच दिवसांत, मागच्या कपड्यांच्या दोरीवाल्या इमारतीने पुन्हा बोअर मारली. त्यांच्या अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, आमच्या फरशीपासून कुंपणापलीकडे. पाणाड्याबिणाड्या काही नाही, गाडी जिथे वळू शकत होती तिथे. दोनशे पस्तीसला पाणी लागलं. असं लागलं की फवारा कुंपणावरून आमच्या अंगणात आला, आमच्या खिडक्यांच्या काचा ओल्या झाल्या. सेक्रेटरी माझ्या दारात उभे राहिले. त्यांच्या खांद्यावर पाण्याचे थेंब होते.

“पंधरा फूट,” ते म्हणाले. “एक रॉड!”

पुढे वर्षानुवर्षं मला ते ऐकावं लागलं. गणपतीच्या वर्गणीत, लग्नाच्या पंगतीत. “आमच्या साहेबांनी पाणी पंधरा फुटांवर सोडलं.” मी प्रत्येक वेळी तेच सांगितलं. आमची दोनशे चाळीसला लागलीच असती असं कोण सांगतो? कुंपणापलीकडचा दगड वेगळा असेल. आणि लागली असती तरी त्या दुपारी आम्हाला जे ठाऊक होतं त्यावर थांबणंच बरोबर होतं. निकाल चांगला आला म्हणून निर्णय शहाणा होत नाही आणि वाईट आला म्हणून वेडा होत नाही. मी हे पाठ असल्यासारखं सांगायचो. खोटं नव्हतं. पण पाठ करावं लागलं होतं. कारखान्यात पेटी परत गेली तर दुसरी पेटी यायची, मला माझ्या रीतीची परीक्षा पुन्हा पुन्हा घेता यायची. इथे दुसरी दुपार आली नाही. आपण बरोबर होतो की नाही हे कुठल्याही आकड्याने आता कळायचं नव्हतं. अंगणात गेलो की माझा पाय आपोआप त्या फरशीला वळसा घालायचा.

फवारा उडाला त्याच महिन्यात एका शुक्रवारी सकाळी पाणाड्या आला. तोच पांढरा सदरा. वांगणीपर्यंत बातमी गेली होती. सेक्रेटरींनी त्याला थेट माझ्याकडे पाठवलं.

“व्हतं का नाय पाणी?” तो म्हणाला.

“होतं. आमच्यात लागलं नाही.”

“तुमी थांबलात.”

“तुम्ही एकशेवीस फूट सांगितलं होतं. पलीकडे लागलं दोनशे पस्तीसला. आणि ती जागा तुम्ही दाखवलेली नाही.”

“झरा त्योच, साहेब. ह्या अंगातून त्या अंगात गेलाय.”

मी त्याला बसवलं, चहा दिला आणि अट पुन्हा सांगितली. लागलं तर पाचशे एक, नाही तर काही नाही. त्याचीच अट होती. लागलं नव्हतं. त्याने वाद घातला नाही. चहा पिऊन बशी खाली ठेवली आणि म्हणाला, “मग राहू दे. म्या आपला आलो, रस्त्यात व्हतं म्हणून.” रस्त्यात नव्हतं. वांगणीहून आमचं घर कशाच्याच रस्त्यात नव्हतं.

तो चपला घालत होता तेव्हा बायको आतून आली. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पैसे.

“अगं, कशाचे?” मी म्हणालो. “लागलं कुठे?”

“पाण्याचे नाहीत,” ती म्हणाली. “मागच्या वर्षी हे येऊन गेल्यावर मी महिनाभर ‘थोडेच दिवस’ म्हणत जिना चढले ना. तेव्हाचे.”

पाणाड्याने नारळ आधी डोक्याला लावला, मग पिशवीत टाकला. पैसे मोजले नाहीत.

शेवटी दिलं ते असं: बोअरवाल्याला चौदा हजार शंभर. टाकी बांधणाऱ्या गवंड्याला, सामानासह, सात हजार चारशे. पंपवाल्याला दोन हजार तीनशे पन्नास. उरलेले दीडशे सोसायटीच्या खात्यात. पाणाड्याला एकवीस रुपये आणि एक नारळ. ते सोसायटीतून नाहीत, आमच्या घरखर्चातून, बायकोच्या हातून.